छतावरून उतरणारा उजेड

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा सुटा फ्लॅश, फोटोवाल्यांच्या बोलीत फ्लॅशगन, माणसाला आधी समोरून भेटतो आणि बऱ्याच वर्षांनी हातात येतो. सत्तरच्या दशकात जन्मलेल्या माणसाच्या घरचा अल्बम उघडला की हा प्रवास पानापानावर दिसतो. बारशाच्या फोटोत पाळण्याशी वाकलेली आत्या चुन्यासारखी पांढरी असते. तिच्यामागे भिंतीवर तिचीच काळी, ठसठशीत सावली पडलेली असते आणि चार पावलं मागे उभ्या असलेल्या आज्या काळोखात बुडून गेलेल्या असतात. मुंजीच्या फोटोतही तेच. बटूचा घामेजलेला चेहरा चकाकतो, गुरुजींच्या चष्म्यात पांढरे ठिपके उमटतात आणि होमाचा तांबूस उजेड तर फोटोत कुठेच सापडत नाही.

हे फोटो वाईट दिसतात ते उजेड कमी पडल्यामुळे नव्हे. भिंगाच्या अगदी शेजारून, सरळ समोर फेकलेला उजेड चेहऱ्यावरचे उंचसखल भाग पुसून टाकतो. नाक, गाल आणि हनुवटी एकाच पातळीत येतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की पोहोचणारा प्रकाश चौथाई होतो. आत्या दीड मीटरवर आणि आज्या सहा मीटरवर असतील, तर आज्यांच्या वाट्याला आत्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश येतो. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला चिकटूनच असतो. त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतलेला लाल प्रकाश थेट भिंगात शिरतो आणि सगळं घर लाल डोळ्यांनी बघू लागतं.

अंधारात फोटो काढण्याची धडपड मात्र याहून कितीतरी जुनी. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची चटकन पेटणारी भुकटी तयार केली. तिच्याच भडक्यात पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कोंदट खोल्या जगापुढे आणल्या. १९२९च्या सुमारास धूर न करणारे, एकदाच पेटणारे बल्ब आले. १९३०च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक लखलखाट पुन्हा पुन्हा काढून दाखवला. आजचा प्रत्येक फ्लॅश याच घराण्यातला आहे. कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टने वीज साठते आणि झेनॉनच्या नळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही कमी वेळात, मोकळी होते.

१९७०च्या दशकात आलेल्या व्हिव्हिटार २८३ने सुटा फ्लॅश जगभरच्या सामान्य फोटोवाल्यांच्या हातात दिला. समोरून परत आलेला प्रकाश पुरेसा झाला की त्याच्या पुढच्या बाजूचा छोटा डोळा लखलखाट तोडत असे आणि उरलेली वीज पुढच्या फोटोसाठी राखली जाई. त्याचा गाइड नंबर होता सुमारे ३६. हा आकडा ज्याला कळला, त्याला फ्लॅशची निम्मी विद्या आली. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता. आयएसओ १००ला गाइड नंबर भागिले अंतराचे मीटर म्हणजे भिंगाच्या तोंडाचा लागणारा आकार, अर्थात अ‍ॅपर्चर. साडेचार मीटरवर एफ ८, नऊ मीटरवर एफ ४. आयएसओ ४०० केला की हाच नंबर दुप्पट होतो.

फ्लॅश विकत घेताना खोक्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नये. ६० लिहिलेलं असतं ते बहुधा डोकं २०० मिलिमीटरला झूम करून, म्हणजे उजेडाचा झोत अरुंद करून मोजलेलं असतं. तोच फ्लॅश ३५ मिलिमीटरला छत्तिसाच्या आसपास येतो, आणि घरातले बहुतेक फोटो याच रुंदीत निघतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डोकं वर आणि दोन्ही बाजूंना वळतं का, ताकद हाताने कमी-जास्त करता येते का, आणि आपल्या कॅमेऱ्याशी त्याची भाषा जुळते का. कॅनन, निकॉन आणि सोनी यांची स्वयंचलित मोजणी वेगवेगळी असल्याने एकाचा फ्लॅश दुसऱ्यावर नीट चालत नाही. डोकं न वळणारा फ्लॅश कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तो म्हणजे जरा उंचावर बसलेला, लहान कॅमेऱ्याच्या अंगचाच फ्लॅश.

कारण सुट्या फ्लॅशची खरी किमया डोकं वळवण्यात आहे. पांढऱ्या छताकडे तोंड केलं की उजेड आधी छतावर पसरतो, मग सगळं छतच मोठ्या दिव्यासारखं खाली प्रकाश सांडतं. तीन मीटर उंच स्लॅबच्या खोलीत, तीन मीटरवरच्या माणसापर्यंत हा प्रकाश सव्वाचार मीटरचा वळसा घेऊन येतो. छत त्यातला बराचसा गिळतं, म्हणून आयएसओ ४०० ते ८०० लागतो. पण गालाखाली मऊ सावली उतरते, भिंतीवरचं काळं भूत नाहीसं होतं आणि मागे बसलेल्या आज्याही दिसू लागतात. डोकं किंचित मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवलं, तर खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडासारखा एका बाजूचा प्रकाश मिळतो. नातवंडांच्या फोटोंसाठी याहून सुंदर सोय नाही.

अट एवढीच, की भिंत पांढरी हवी. पोपटी ऑइलपेंटच्या भिंतीवर आपटलेला फ्लॅश नवरीला पोपटी करून टाकतो. मंगल कार्यालयाचं पत्र्याचं छत आठ-नऊ मीटर उंच आणि काळपट असेल, तर वर मारलेला उजेड तिथेच विरतो. अशा वेळी डोक्याला लावलेलं छोटं पांढरं कार्ड थोडा उजेड पुढे ढकलतं, किंवा शेजारची पांढरी भिंत कामी येते. फ्लॅशवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर फार भिस्त ठेवू नये. उजेड मऊ होतो तो त्याचा उगम मोठा झाल्यावर, आणि टोपी फ्लॅशएवढीच लहान असते.

लग्नात फ्लॅशची खरी परीक्षा होते ती अंतरपाटापाशी. शेवटच्या मंगलाष्टकाला फोटोवाला उतावळेपणाने चार-पाच फोटो काढून बसला, तर अंतरपाट खाली येतो त्याच क्षणी फ्लॅश रिकामा असतो. साध्या सेलवर पूर्ण ताकदीने चमकलेला जुना फ्लॅश पुन्हा भरायला सात-आठ सेकंद घेतो, आणि सेल उतरले असतील तर त्याहूनही जास्त. १.२ व्होल्टचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) सेल साध्या सेलपेक्षा लवकर वीज देतात. लिथियम बॅटरीचे फ्लॅश आणखी चपळ असतात. दुसरा धोका त्या पांढऱ्या कापडाचाच. टीटीएल म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश मोजून ताकद ठरवणारी पद्धत. चौकटीत पांढरा अंतरपाट भरला की तिला उजेड पुरेसा वाटतो, ती फ्लॅश आवरता घेते आणि वधूवर काळवंडतात. अशा वेळी फ्लॅशची भरपाई एक स्टॉप (म्हणजे दुपटीने) वाढवावी किंवा ताकद हातानेच पक्की करावी. आणि अक्षता! सरळ मारलेल्या फ्लॅशमध्ये कॅमेऱ्याजवळून उडणारे दाणे पांढरे गोळे होऊन चेहऱ्यांवर बसतात. छतावरून उतरलेल्या उजेडात तेच दाणे हवेत तरंगत राहतात.

मांडवातल्या दिव्यांची शोभा राखायची, तर एक गोष्ट पक्की उमजायला हवी. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फ्लॅशच्या ताकदीने ठरतो. आजूबाजूच्या दिव्यांचा ठरतो मुख्यतः शटरने. शटर १/२०० ठेवलं की मांडव काळा पडतो, १/४० ठेवलं की माळा पेटतात आणि चेहरा तसाच राहतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०च्या पुढे गेलं, तर शटरच्या पडद्याची सावली फोटोत काळी पट्टी होऊन उमटते. हाय स्पीड सिंक नावाची सोय ही अडचण दूर करते, पण ताकद बरीच खाते. पिवळ्या दिव्यांच्या मांडवात फ्लॅशचा उजेड निळसर वाटतो. त्यासाठी डोक्यावर नारिंगी जिलेटिन लावतात. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीतल्या सावल्या उजळायलाही फ्लॅश लागतो, मात्र तो नेहमीच्या मोजणीपेक्षा एक-दीड स्टॉप कमीच ठेवावा.

ज्याच्या बारशाचा फोटो पांढराफटक आला होता, तोच माणूस पन्नाशीत मुलीच्या साखरपुड्यासाठी फ्लॅश घेतो, तेव्हा वडिलांचा जुना फ्लॅशही कपाटातून बाहेर निघतो. तो थेट नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. जुन्या काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि कॅमेऱ्यातलं नाजूक सर्किट त्याने जळू शकतं. फ्लॅश उघडून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण सेल काढल्यावरही कपॅसिटर जबर धक्का देतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला फ्लॅश सुरू करून काही मिनिटं तसाच ठेवावा आणि मग अधूनमधून चमकवत जावा. कपॅसिटर हळूहळू जागा होतो.

वडिलांच्या त्या जुन्या फ्लॅशला बाजारात मिळणारा छोटा ऑप्टिकल स्लेव्ह जोडला, की दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच तो आपोआप चमकतो. हातातला नवा फ्लॅश तेवढा मॅन्युअलवर ठेवावा लागतो, नाहीतर टीटीएलच्या आधीच्या बारीक चमकीलाच जुना फ्लॅश फसतो. हॉलच्या कोपऱ्यात स्टँडवर, तोंड छताकडे करून ठेवलेला हा जुना फ्लॅश मागच्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत उजेड पोहोचवतो. आज्या तिथेच बसलेल्या असतात.