काडेपेटीतल्या बिया

मुलांनो, मटर तुम्ही आवडीने खाता. मराठीत त्याला वाटाणा म्हणतात. या वाटाण्याच्याच कुळातली एक वेल कुंपणावर, रस्त्याच्या कडेला कोणी न लावताही वाढते. तिला गडद निळी, क्वचित पांढरी फुले येतात. तिचे नाव गोकर्ण.

मालेगावच्या आमच्या जुन्या घराच्या कुंपणावर ही वेल होती. माझी दादी तिला 'नीली बेल' म्हणत असे. तिचे मराठी नाव मला शाळेत मराठीच्या तासाला कळले. घरी येताच मी दादीला सांगितले, "गो म्हणजे गाय आणि कर्ण म्हणजे कान." दादीने एक फूल हातात घेऊन न्याहाळले आणि हसून म्हणाली, "सच है बेटा, गाय का कान ही है!"

तुम्हीही हे फूल नीट पाहा. वाटाण्याच्या फुलातली मोठी पाकळी वरच्या बाजूला असते. गोकर्णाचे फूल मात्र उलटे असते. त्याची मोठी पाकळी खालच्या बाजूला पसरते.

पुढे कुंपणाच्या जागी पक्की भिंत आली आणि वेल गेली. काही वर्षांनी दादीही गेली. तिच्या पेटीत मला एक काडेपेटी सापडली. तिच्यात गोकर्णाच्या नऊ बिया होत्या. मी लगेच पाच बिया कुंडीत पेरल्या आणि रोज पाणी घातले. वीस दिवस झाले तरी कोंब दिसेना. माती उकरली तर बिया खड्यासारख्या कडक! त्या मेल्या असे समजून मी त्या रस्त्यावर फेकून दिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या माळीकाकांना मी ही हकिकत सांगितली. ते हळहळले. म्हणाले, "बाई, बी मेलं नव्हतं. दार लावून झोपलं होतं. पाण्याला आत जायला वाट नको का?"

मी रस्त्यावर पुष्कळ शोधले. एकही बी मिळाले नाही. आता चारच उरल्या होत्या.

माळीकाकांनी सांगितले तसे मी केले. तुम्हीही तसेच करा. गोकर्णाच्या बीचे कवच फार टणक असते. म्हणून बी एका बाजूने खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर हलके घासावे. फक्त वरचे कवच खरवडले पाहिजे, आतला गर नव्हे. मग ते रात्रभर पाण्यात भिजवावे. सकाळी बी फुगलेले दिसेल. तळाला भोक असलेल्या कुंडीत ते बोटाच्या एका पेराएवढे खोल पेरावे. जून महिना यासाठी उत्तम. कुंडी भरपूर उन्हात ठेवावी. माती ओलसर असावी, पण पाणी साचू देऊ नये. वेलीला चढायला काठी किंवा दोरी द्यावी. खत फारसे लागत नाही. तिच्या मुळांवरच्या गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन घेऊन वेलीला पुरवतात.

माझ्या चार बियांपैकी तीन उगवल्या. एक रोप बकरीने खाल्ले, एक सुकले. उरलेल्या एकाला सुमारे दोन महिन्यांनी पहिले निळे फूल आले. त्या दिवशी दादीची फार आठवण आली.

या फुलाची एक गंमत करून पाहा. चार-पाच पाकळ्या गरम पाण्यात टाका. पाणी निळे होईल. त्यात लिंबू पिळा, ते जांभळे होईल. दुसऱ्या पेल्यातल्या निळ्या पाण्यात खाण्याचा सोडा घाला, ते हिरवट होईल. आम्लाची आणि अल्काची ही सोपी ओळख आहे. मात्र बिया तोंडात घालू नका.

वेलीवर चपट्या शेंगा धरतात. त्या वाळून तपकिरी झाल्या की बिया काढाव्यात. दरवर्षी मी त्या माझ्या वर्गातल्या मुलींना वाटते. ती काडेपेटी मात्र मी जपून ठेवली आहे. एखादी मुलगी वर्गात गप्प बसली, की मला फेकलेल्या त्या पाच बिया आठवतात. मग मी घाईने तिच्याविषयी मत बनवत नाही.