कंबर धरली की

कंबर धरली की घर सल्ल्यांनी भरतं. काकू निरगुडीचा पाला घेऊन आल्या, भावजींनी एमआरआय सुचवला, आईने फळीवर निजायला सांगितलं.

डॉक्टर मात्र निवांत. पायातला जोर गेलाय का, लघवीवर ताबा आहे ना, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणं? यातलं काही असतं तर त्यांनी थांबूच दिलं नसतं. सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावर एमआरआय लिहिलाच नाही. बहुतेक कंबरदुखीत ठोस दोष सापडतच नाही म्हणे. उलट काहीच दुखत नसलेल्या चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. ‘मणक्यात गॅप’ आहे म्हणून वजन उचलणं कायमचं सोडलेले आमच्या नात्यातच किती निघतील!

मला खरं तर पडून राहायचं होतं (रजाही हवी होती). पण अंथरूण धरलं की स्नायू आणखी आखडतात. शेक, थोडे दिवस गोळी, आणि चालणं. साधारण 6 आठवड्यांत बहुतेकांना बराच आराम पडतो. पट्टा सतत बांधायचा नाही, हेही बजावलं.

संध्याकाळी कॉलनीत फेरी मारली. निरगुडीचा शेकही घेतला. काकूंना नाही म्हणण्याची हिंमत कुणात आहे?