सात नंबरचा टी-शर्ट आणि आपल्या वॉर्डातलं मैदान

आमच्या ठाण्याला पोर्तुगीज नवीन नाहीत. आपण ज्याला सेंट्रल जेल म्हणतो तो मुळात त्यांचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा कुठे त्यांचं बस्तान उठलं. आता एक पोर्तुगीज परत आलाय आणि थेट घराघरात घुसलाय. कळवा, डोंबिवली, टिटवाळा, कुठल्याही गल्लीत बघा, पाठीवर ‘रोनाल्डो ७’ लिहिलेला टी-शर्ट घालून एखादं पोरगं फिरत असतंच. आमच्या घरातही एक आहे. वय वर्षं तेरा.

ख्रिस्तियानो रोनाल्डोची गोष्ट मुलांना सांगताना आपण सगळे एकच शब्द वापरतो, मेहनत. ती आहेच. पाच वेळा बॅलन डी’ओर, नऊशेच्या वर गोल, देशासाठी सर्वाधिक गोलांचा जागतिक विक्रम, आणि चाळिशी ओलांडली तरी पठ्ठ्या खेळतोय. फुकट मिळालेलं नाही हे. पण गोष्टीचा अर्धा भाग आपण सोडून देतो, आणि माझ्या मते आपल्या कामाचा भाग तोच आहे.

१९८५ साली मडेरा बेटावरच्या फुंशाल शहरात जन्म. चार भावंडांत धाकटा. आई स्वयंपाक आणि साफसफाईची कामं करायची. वडील नगरपालिकेत माळी! शिवाय आंदोरिन्या नावाच्या वस्तीतल्या छोट्या क्लबात ते खेळाडूंचे कपडे आणि सामान सांभाळायचे. पोरगा सात-आठ वर्षांचा असताना त्याच क्लबात खेळायला लागला. म्हणजे माळ्याच्या पोराला चालत जाता येईल इतक्या जवळ क्लब होता. पुढे बेटावरचा मोठा क्लब नॅसिओनाल, आणि बाराव्या वर्षी जवळपास हजार किलोमीटर दूर लिस्बनला, स्पोर्टिंग क्लबच्या अकादमीत. तिथे त्याच्या बेटावरच्या बोलीला पोरं हसायची, हा घरच्या आठवणीने रडायचा. पण राहायची, शाळेची, प्रशिक्षणाची सोय होती. पंधराव्या वर्षी हृदयाचे ठोके विनाकारण वाढतात असं लक्षात आलं, ऑपरेशन झालं, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा सरावाला उभा राहिला. अठराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडने त्याला उचलला. त्यानंतरचं सगळं तुम्हाला पाठ आहे.

आता जरा आकडे बघा. अख्ख्या मडेराची लोकसंख्या अडीच लाख. आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात. त्याच वर्षी पालघर वेगळा होण्याआधीचा आपला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, आणि पोर्तुगाल देश १ कोटी ५ लाखांचा. आपला जिल्हा त्यांच्या देशापेक्षा मोठा होता, मंडळी! तेव्हा ‘आपल्याकडे टॅलेंट नाही’ हे कृपया कोणी सांगू नका.

आणि टॅलेंट होतंच. नेव्हिल डिसोझा हे नाव किती जणांना माहीत आहे? मूळचा गोव्याचा, म्हणजे जन्माच्या वेळी पोर्तुगीज अमलाखालच्या मुलखातला. खेळला मुंबईत, टाटांच्या संघाकडून. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल या फॉरवर्डचे. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. पण आपण काय केलं? डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला पुतळा उभा राहिला तो रोनाल्डोचा, तोही गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षी. काळे झेंडे निघाले, वाद झाला. मला रोनाल्डोच्या पुतळ्याचं वावडं नाही. पण पुतळा बघून कोणी फुटबॉल शिकत नाही.

नेव्हिलच्या काळात मुंबईत कंपन्यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळायची, त्यामुळे खेळून घर चालायचं. ते संघ एकेक करून बंद पडले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गेला. आपल्या पट्ट्यातले कारखानेही गेले. डोंबिवलीच्या प्रीमियरच्या जागेवर आता टॉवर आहेत. राहिली महापालिकेची मैदानं, आणि त्यांचे हाल तुम्ही बघताच. लग्न, महोत्सव, सभा, आणि उरलेल्या दिवसांत पार्किंग. आमच्या भागातल्या एका मैदानात मंडप उतरल्यावर खिळे वेचूनच पोरांना खेळायला लागतं. ज्यांना परवडतं ते तासाच्या भाड्याने टर्फ घेतात. ज्यांना चांगला प्रशिक्षक हवाय ते पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतात. आमचा हिरो सध्या टर्फवाल्यांत आहे, कारण आम्हा दोघांचा पगार आहे. पण त्याच्याबरोबर खेळणारा, त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ मुलगा भाडं वाढल्यावर यायचा बंद झाला. त्याचे वडीलही माळीकाम करतात, सोसायट्यांमध्ये. हे लिहावंसं वाटलं ते त्या मुलामुळे.

मैदान एका दिवसात जात नाही. विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण असतं. ती जमीन ठरलेल्या काळात महापालिकेने ताब्यात घेतली नाही तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. तरीही पालिकेने मुदतीत हालचाल केली नाही की आरक्षण संपतं. ना आंदोलन, ना बातमी. आपल्याला कळतं ते बिल्डरचा पत्रा लागल्यावर.

म्हणून एकच विनंती. आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा बघा. मैदानाची किती आरक्षणं आहेत, किती ताब्यात आली, किती गेली, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. आणि मत मागायला जो येईल त्याला हाच कागद दाखवून विचारा, यातलं कुठलं मैदान वर्षभर पोरांसाठी मोकळं ठेवणार?

तीस सोसायट्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. पटलं तर आपापल्या ग्रुपवर टाका, नावाची गरज नाही.