खाकी पॅन्टचं माप

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ज्ञान किती वाढलं हे विद्यापीठ ठरवतं, पण वजन किती वाढलं हे आपल्या होस्टेलवर सगळ्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फर्स्ट इयरला आलेला काडीपैलवान बी.ई.ला पोचेपर्यंत बेल्टच्या शेवटच्या भोकावर येतो. दिवसभर लेक्चर, मग प्रॅक्टिकल, मग जर्नल, रात्री टपरीवरचा वडापाव आणि सबमिशनच्या नाईटा. सगळा कारभार बसून! आपण यावर हसतो. पण विषय हसण्यावारी नेण्याचा नाही, हे मला आमच्या घरातल्या खाकी पॅन्टने शिकवलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. युनिफॉर्म शिवताना टेलर कंबरेचं माप लिहून ठेवायचा. ३४, ३६, ३८ आणि शेवटी ४०. आई म्हणायची, "अहो, आता कापड जादा लागणार." दोन वर्षांपूर्वी तपासणीत वजन ८२ किलो निघालं आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर. मधुमेह डोळ्यांच्या पडद्यावर घाला घालतो. ड्रायव्हरचे डोळे म्हणजे घरचं उत्पन्न, आणि त्यातच माझी फी. त्या रात्री घरात कोणी फारसं बोललं नाही.

वाचताना एक गंमत सापडली. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. कंडक्टर दिवसभर जिने चढायचे, ड्रायव्हर बसून. १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की, कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी. १९५६ मध्ये त्यांनी चक्क युनिफॉर्मच्या पॅन्टींची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली, पण तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा! म्हणजे सगळा दोष सीटच्या माथी मारता येत नाही. माणसं मुळात वेगळी असू शकतात. आपल्या लॅबमध्ये रीडिंग आलं की लगेच कन्क्लूजन लिहिणाऱ्यांनी हे वाचावं.

मग हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. अण्णांच्या वजनाचा माणूस पाऊण तास भरभर चालला तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या सुमारे १८० जळतात. आठवड्यातून पाच दिवस म्हणजे ९००. एक किलोला आठ-नऊ आठवडे! आणि जिन्याचं म्हणाल तर ७० किलोचा मुलगा १० मीटर चढला की एमजीएच येतं ६८६० ज्यूल. स्नायूंची एफिशियन्सी २५ टक्के धरली तरी खर्च साडेसहा किलोकॅलरी. एक वडापाव ३०० चा धरला तर तिसऱ्या मजल्यावर पंचेचाळीस वेळा चढा!

अण्णांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "घाटात गाडी पहिल्या गियरमध्येच चढते रे." आणि चालायला लागले. ड्युटी पहाटेची असेल तर संध्याकाळी, मुक्कामाची गाडी असेल तर त्या गावात. शिवाय चहातली साखर निम्मी. सहा महिन्यांत हिशोबाने पाच किलो उतरायला हवे होते, उतरले चार. कारण शरीर ही फीडबॅक असलेली सिस्टीम आहे: वजन उतरलं की खर्चही उतरतो, आणि चाललं की भूक वाढते. म्हणूनच नुसत्या व्यायामाने वजन थोडंच कमी होतं, ताटाकडेही बघावं लागतं. पण उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून व्यायामासारखा दुसरा उपाय नाही. आणि काटा हलला नाही तरी काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, पोटातली चरबी घटते. अण्णांची साखर काठावरून थोडी मागे सरकली. पॅन्ट ३८ वर आली. बीएमआय २९ वरून २८ च्या आत आला. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा घाट अजून बाकी आहे.

आपल्यासाठी सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला सोपा आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अटही तेव्हा गेली. म्हणजे मेसपर्यंतचं भरभर चालणंसुद्धा खात्यावर जमा. जिमची फी नको, भारी बूट नकोत. बारा सूर्यनमस्कारांना खोलीतली दोन कॉटमधली जागा पुरते. पी.एल.मध्ये वेळ नाही म्हणणाऱ्यांनी मोबाईल कानाला लावून घरच्यांशी चालत बोलावं.

आणि एक विनंती. ग्राउंडवर एखादा जाडा मित्र पहिल्यांदा धापा टाकत पळताना दिसला तर गॅलरीतून शिट्टी मारू नका. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. त्यापेक्षा खाली उतरा, त्याच्याबरोबर एक राऊंड मारा. सरांनीही यावं, सकाळी सहाला अटेंडन्स कोणी घेत नाही!