कापश्याचे घमेले

आमच्या घरी ससा आला तो आईच्या भाजीच्या पिशवीतून. आई चार घरी धुणीभांडी आणि फरशी करते. त्यांपैकी एका घरी मुलाच्या वाढदिवसाला आणलेला ससा दोन महिन्यांत नकोसा झाला. कारण एकच, गालिच्यावर घाण करतो. "टाकूनच देणार होते, बघवेना मला," म्हणत आईने पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि लगेच अटही घातली. "पंधरा दिवस बघीन. दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसायच्या आणि घरी येऊन ह्याच्या लेंड्या गोळा करायच्या, हे माझ्यानं व्हायचं नाही."

नाही जमले तर माळावर सोडू, असे वडील म्हणाले. त्यांच्या मते ससा तो ससाच. पण माळावरच्या सशाची पिले डोळे उघडे ठेवून आणि अंगावर केस घेऊन जन्मतात. कापश्या त्या जातीचा नव्हे. त्याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. माळावर कुत्र्यांनी त्याला एक रात्रही जगू दिले नसते. बी.एस्सी.ला असलेल्या मित्राने हे सांगितले, आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. हे ससे आपली घाण बहुतेक ठरावीक जागीच करतात. म्हणजे सवय कापश्याच्या अंगात होतीच, प्रश्न फक्त जागेचा होता.

पण मी आधी चार दिवस मूर्खपणात घालवले. त्याला घरभर मोकळे सोडायचे आणि लेंडी दिसली की ओरडायचे. एकदा नाकावर टिचकीही मारली. तेव्हापासून मला पाहिले की तो कॉटखाली पळू लागला आणि तिथल्याच कोपऱ्यात मुतू लागला. मग डोक्यात प्रकाश पडला. जागा त्याने स्वतःच निवडली होती!

वडील गवंड्याच्या हाताखाली असतात. त्यांचे काठ तुटलेले प्लॅस्टिकचे घमेले घासून त्या कोपऱ्यात ठेवले. तळाला रद्दी, वर वाळके गवत, आणि वासाने जागा कळावी म्हणून त्याच्याच चार लेंड्या व भिजलेला कागद. ससा खाता खाताच तोही विधी उरकतो, म्हणून खायचे गवतही घमेल्याच्या एका कडेला टाकले. भोवती विटा आणि पत्र्याची पेटी लावून हिंडायची जागा कमी केली. बाहेर सांडले तर व्हिनेगरने पुसायचे, ओरडायचे नाही.

दहाव्या दिवशी कागद लालभडक दिसला. रक्त समजून मी त्याला छातीशी धरून गुरांच्या दवाखान्यात धावत गेलो. डॉक्टर हसले. सशाच्या मूत्राचा रंग असा बदलतो म्हणाले. नर आहे, वयात आला की जागोजागी खुणा करील, नसबंदी केली तर सवय पक्की राहील, हेही सांगितले. खर्च ऐकून मी गप्प बसलो.

पंधराव्या दिवशी आई कॉटखाली वाकली. घमेल्याबाहेर पाच लेंड्या होत्या. तिने केरसुणी उचलली, ती मी तिच्या हातातून घेतली. एकोणीस वर्षांत घर झाडल्याचे मला आठवत नव्हते. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिच्या पिशवीत कोथिंबिरीच्या काड्या होत्या.

परवा त्या घरच्या बाईंनी विचारले, "काय गं, ससा कुठं घाण करतो?"

"घमेल्यात," आई म्हणाली.

त्यांना ते खरे वाटले नाही.