मेण आणि स्क्रू

वीणेचे पडदे लाकडात ठोकलेले नसतात. दांडीच्या दोन्ही कडांवर मेण आणि कोळशाच्या पुडीचा काळा बांध घालतात आणि त्या बांधांवर धातूचे २४ पडदे आडवे बसवतात. साहजिकच ते कायमचे नसतात. कुंभकोणमच्या मे महिन्यात माणसं जागची हलत नाहीत, पण मेण मऊ पडतं आणि पडदे हलतात. एखादा केसभर सरकला तरी त्या सुरावर बोट पडताच ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. म्हणून काही वर्षांनी जुनं मेण खरवडून सगळे पडदे नव्याने बसवून घ्यावे लागतात. याला तिकडे 'मेळम बांधणं' म्हणतात.

कुंभकोणमातल्या मेलकावेरीच्या आमच्या घरी या कामाला तंजावरहून एक वयस्कर आसारी, म्हणजे सुतार-कारागीर, येत. वडिलांना ते 'रायर' म्हणत. तिकडे मराठी घरातल्या पुरुषाला गाव याच नावाने हाक मारतं. ओट्यावर चटई, तिच्यावर वीणा, शेजारी निखाऱ्यांचं भांडं आणि मेणाचा गोळा. ते तार छेडत, पडदा मेणावर टेकवत, अंगठ्याने किंचित ढकलत, पुन्हा छेडत. पट्टी नाही, खूण नाही. आजी आत स्वयंपाकघरात असायची आणि मधेच तिथूनच ओरडायची की अंतर गांधार चढलाय. आसारी काही न बोलता तो पडदा मागे घेत. दोघांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं असणार, असं मला त्या वयात वाटायचं.

आजीची वीणा एकांड नव्हती. एकांड म्हणजे घट, दांडी आणि टोकाचं याळी या काल्पनिक प्राण्याचं तोंड, सगळं फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं. अशी वीणा असलेलं घर थोडं तोऱ्यातच असे. आमची जोडाची, तुकडे वेगवेगळे कोरून सांधलेली. आजीला याचं शल्य होतं, आसारींना मुळीच नव्हतं. जोडाची वीणा कमअस्सल असं म्हणणाऱ्यांना कधी वीणा दुरुस्त करावी लागलेली नसते, असं ते म्हणत. एकांड वीणेला तडा गेला की तो कुठवर जाईल ते लाकूड ठरवतं. जोडाची असेल तर सांधा उघडता येतो.

कुंभकोणमात गोविंद दीक्षितांना सगळे ओळखतात ते महामहम तलावाभोवतीच्या १६ मंडपांमुळे. तंजावरचा राजा रघुनाथ नायक याचे हे मंत्री संगीतशास्त्रातही अधिकारी होते, आणि २४ अचल पडद्यांच्या तंजावर वीणेची घडण त्याच राजाच्या कारकिर्दीतली, म्हणजे १७व्या शतकाच्या पूर्वार्धातली मानतात. एका तारेवर दोन सप्तकं, प्रत्येकाला १२ पडदे. हा बाराचा हिशोब पुढे लागणार आहे.

नायकांनंतर भोसले आले. सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांनी दरबारात विलायती वाद्यांचा बँड बाळगला. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळलं तेही साधारण याच काळात. मांडी घालून बसणाऱ्याने त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि तारा सा-प-सा-प अशा लावून घेतल्या. त्यानंतर या मुलखात परक्या वाद्याबद्दल तक्रार करायला कुणाला तोंड उरलं नाही, असं माझं मत आहे. तरी मी पुण्याहून सुट्टीला येताना पहिल्यांदा गिटार घेऊन आले तेव्हा घरात जरा शांतताच पसरली. आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "याचे पडदे कोणी बसवले?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारखान्यात बसवलेले असतात, असं काहीतरी मी म्हणाले.

पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षांत गिटार हा खोलीतल्या मैत्रिणींचा नाद होता, माझा नव्हता. माझे कान उघडले ते 'शक्ती' या बँडच्या १९७६ च्या रेकॉर्डने. झाकिर हुसेन, एल. शंकर, विनायकराम यांच्यामध्ये बसून जॉन मॅक्लॉफ्लिन गिटारवर चक्क गमक काढत होता. या माणसाने अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते, आणि पुढे पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेली गिटार वापरली, म्हणजे तार वीणेसारखी मोकळी ओढता यावी. आपल्या माजघरातली वस्तू एवढी फिरून परत आल्यावर दार न उघडून कसं चालेल?

पण इलेक्ट्रिक गिटार मला आवडली ती आवाजाच्या आधी तिच्या स्क्रूंमुळे. लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि माझ्या मते तेच बरं झालं. १९५० च्या सुमारास त्याने जी गिटार बाजारात आणली, जिला पुढे टेलिकास्टर हे नाव मिळालं, तिची नेक बॉडीला सरसाने चिकटवलेली नव्हती. मागून चार स्क्रूंनी आवळलेली होती. पडदे झिजले की नेक काढा, दुसरी लावा. रेडिओतला व्हॉल्व्ह बदलणारा माणूस आणखी काय करणार? तंजावरचे आमचे आसारी आणि तो भेटले असते तर दोघांचं पटलं असतं. त्याच्या या चार स्क्रूंवर पुढे सुट्या भागांचा अख्खा व्यापार उभा राहिला: बॉडी एकाची, नेक दुसऱ्याची, पिकअप तिसऱ्याचे. १९७०च्या दशकात एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची कारखान्याने बाजूला काढलेली बॉडी, ८० डॉलरची नेक आणि एका गिब्सन गिटारमधून उपटलेला पिकअप जोडून जे वाद्य केलं, ते १९७८च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर ऐकून जगभरच्या पोरांनी आपापल्या धडक्या गिटारी खोलल्या.

माझी मी जोडायला घेतली २०१२ साली. वडिलांच्या आजारपणामुळे मी मेलकावेरीला परतले होते, आणि त्या वर्षी चेन्नईबाहेरच्या तमिळनाडूत वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. इलेक्ट्रिक गिटार करायला याहून वाईट वर्ष शोधूनही सापडलं नसतं. नेक परदेशातून मागवली, मेपलची, वर शिसवाची पट्टी. ते शिसव बहुधा आपल्याच दक्षिणेतलं. भारतीय शिसव जगभर गिटारींच्या पट्टीला जातं. कस्टमची पावती बघून वडिलांना ताप चढला. पॉट, स्विच, कपॅसिटर चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून आणले. बॉडी मात्र बाहेरून मागवायला मन घेईना. तंजावरला आसारींच्या घरी गेले. ते थकले होते, काम मुलगा बघत होता. पणरुटीहून आणलेल्या फणसाची एक फळी वीणेच्या घटातून उरली होती. मुलाने कागदावरचा आराखडा पाहिला आणि पटाशी हातात घेतली.

नेक बसते ती खाच ५५.६ मिलिमीटर रुंद लागते. सैल झाली तर स्वर मरतो, घट्ट झाली तर रंगाला आणि लाकडाला तडे जातात. त्याने ती अशी कोरली की स्क्रू लावण्याआधीच, नुसती नेक धरून उचलल्यावर बॉडी लोंबकळत वर आली. म्हातारे आसारी खाटेवरून बघत होते. त्यांनी नेक मागून घेतली, बोटांनी पडदे चाचपले आणि पितळेऐवजी हे काय म्हणून तोंड वाकडं केलं. मग घोडी कुठे बसवायची हा प्रश्न आला. तारेची लांबी ६४७.७ मिलिमीटर; १२वा पडदा बरोबर अर्ध्यावर, आणि तिथून तेवढंच अंतर पुढे मोजलं की घोडीची जागा. मी पट्टी काढली. त्यांनी ती बाजूला सारली, एक तार तात्पुरती ताणायला लावली, मुलाला घोडी सरकवायला सांगितली आणि १२व्या पडद्यावर बोट ठेवून ऐकत राहिले. थांब म्हणाले तिथे पट्टीचा आकडा हिशोबापेक्षा जरासा पुढे होता. बरोबरच होतं. दाबताना तार ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून घोडी थोडी मागे घ्यावी लागते, जाड तारेला आणखी थोडी. पुस्तकात हे एक अख्खं प्रकरण असतं.

बाकीच्या पडद्यांपुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. गिटारचे पडदे ऐकून बसवत नाहीत, भागाकाराने बसवतात. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागा, पहिला पडदा तिथे. उरलेल्या लांबीला पुन्हा भागा, दुसरा तिथे. गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्चेन्झो गॅलिलींनी, १६व्या शतकात ल्यूटसाठी १८ हा भाजक सांगितला होता. नंतर तो सुधारत गेला. या हिशोबात बाराही स्वर सारख्या अंतरावर येतात, आणि म्हणूनच एकही, सा सोडून, पूर्ण खरा राहत नाही. चौथ्या पडद्यावरचा गांधार शुद्ध मेळापेक्षा एका स्वरांतराच्या सातव्या हिश्शाने चढा असतो. नेकवर प्रत्येक गांधार चढा, आणि पडदा मागे घ्यायची सोय नाही, कारण तो खाचेत ठोकलेला. तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. आजी तोवर गेली होती. असती तर स्वयंपाकघरातून ओरडून तिचा घसा बसला असता.

मेण मात्र या वाद्यातही निघालं. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते वेढे सैल असले तर मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतात आणि कर्कश शिट्टी मारतात. उपाय म्हणजे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून वेढे आवळणं. व्हॅन हेलननेही आपला पिकअप पॅराफिनमध्ये बुडवला होता. माझ्या जुन्या पिकअपची शिट्टी थांबेना तेव्हा मी आसारींकडचं मधमाशांचं मेण आणलं, कोळसा न घातलेलं, आणि पॅराफिनमध्ये मिसळून पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलं. कोळसा घातलेलं चालत नाही, तो वीज वाहतो. घरभर वास सुटला आणि वडिलांनी आतून विचारलं, आज मेळम आहे का?

गुणगुण मात्र मेणाने गेली नाही. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची कंपनं उचलतो, आणि आमच्या जुन्या घराला अर्थिंग नावालाच होतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये पडते. आपली 'जी'च्या किंचित वर. आत तांब्याची पट्टी चिकटवून ती कमी केली, पण पूर्ण घालवली नाही. फुकटची श्रुती आहे, असू दे.

हिशोब करायचा तर तयार गिटार स्वस्त पडली असती, आणि अशी जोडून केलेली गिटार विकायला गेलं तर भागांचीही किंमत येत नाही. वीणेच्या जाणकारांनी फणस पाहून भुवया उंचावल्या, गिटारवाल्यांनी फणस पाहूनच. मला ती तोडी सोडून बहुतेक रागांत चालते. तोडीला वीणाच लागते.

आता आसारींचा नातू धंद्यात आहे. मैफलीत वीणेला काँटॅक्ट माइक लावणं जुनं झालं. त्याला माझ्या गिटारसारखा चुंबकी पिकअप हवा होता. त्याने एक आणून पडद्यांच्या टोकाशी बसवला आणि मला फोन केला: वरच्या दोन तारा खणखणीत, खालच्या दोन मुक्या. त्या पितळी, चुंबकाला त्यांचं काय? मी त्याला आत पोलाद आणि वर निकेलचं वेढण असलेल्या तारा सुचवल्या. त्याने लावून पाहिल्या. ऐकू येतात म्हणाला, पण मंद्राचा तो घुमारा गेला; गिऱ्हाईक मावशी घेणार नाहीत. मी म्हणाले, मग दोन तारांना चुंबक लाव आणि दोन तारांना काँटॅक्ट माइक, आणि मधे एक पॉट टाकून दोन्ही मिसळ. पॉट किती ओहमचा, त्याने विचारलं. २५० किलोओहम चुंबकाला ठीक, दुसऱ्याला फार कमी पडेल, मी म्हणाले. सध्या रिची स्ट्रीटवर त्याच्यासाठी एक मेगाओहमचा शोधतेय.