‘ग्लूमिली’ या शब्दाविषयीं थोडेंसें

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास क्रियाविशेषणें फारशीं कठीण वाटत नाहींत. विशेषणास ‘ली’ हा प्रत्यय जोडला कीं काम झालें, अशी त्याची समजूत असते. ‘ग्लूमिली’ या शब्दाचा अर्थ वर्गांत विचारला म्हणजे ‘उदासपणें’ असें उत्तर मला तत्काळ मिळतें. उत्तर चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे.

एक तर ‘उदास’ हा आपल्याकडे मोठ्या मानाचा शब्द आहे. संतांच्या वाणींत तो पुष्कळदां विरक्ताचें लक्षण म्हणून येतो. संसाराच्या लाभहानीपासून ज्याचें मन अलिप्त झालें, तो उदास. ‘ग्लूमिली’ बोलणारा मनुष्य असा अलिप्त नसतो. पुढें कांहीं बरें घडेल ही आशाच त्यानें सोडलेली असते. ‘सॅडली’ या शब्दांत झाल्या गोष्टीचें दुःख असतें. ‘सलनली’ म्हटलें कीं त्यांत घुस्सा व अबोला येतो. परीक्षेहून परतलेला मुलगा ‘मी नापासच होणार’ असें पडल्या आवाजानें म्हणतो, तें ‘ग्लूमिली’.

मूळ ‘ग्लूम’ शब्दाचा इतिहासही मौजेचा आहे. प्रथम त्याचा अर्थ कपाळास आठ्या घालणें असा होता. अंधार हा अर्थ सतराव्या शतकांत मिल्टनच्या काव्यांत दिसूं लागला. मनाची खिन्नता हा अर्थ त्याच्याही नंतरचा. आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळ दौलताबादच्या किल्ल्यांत खडकांतून कोरलेला वळणावळणाचा मार्ग आहे. त्यास ‘अंधारी’ म्हणतात. तेथें शिरणाऱ्यास पुढचें पाऊल कोठें पडेल हें दिसत नाहीं. हा शब्द शिकवितांना मी मुलांना त्या अंधारीचीच आठवण करून देतों.

मराठी भाषा मात्र हा भाव सांगतांना प्रत्ययापेक्षां चेहऱ्यावर अधिक भिस्त ठेवते. ‘तोंड पाडून बसला’, ‘हिरमुसल्या तोंडानें परत गेला’, असें आपण म्हणतों. पवित्र शास्त्रांत उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत काइनाच्या उतरलेल्या तोंडाचा उल्लेख आहे. तें पाहून देवानें त्यास प्रथम कारण विचारलें व सावध केलें. शिक्षा मागाहून झाली, आणि तीही भावाच्या वधाबद्दल. उतरलेल्या तोंडाबद्दल नव्हे.

क्रियाविशेषण क्रियेची रीत सांगतें, तिचें कारण सांगत नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, पुस्तकांत हा शब्द आला तर त्याचें भाषांतर खुशाल ‘खिन्नपणें’ असें करा. पण शेजारच्या बांकावरील सोबती तसें बोलूं लागला, तर तेवढ्यानें त्यास रडका ठरवूं नका. पालकांसही माझी नम्र विनंति आहे: गुणपत्रक पुढें करणाऱ्या मुलाचें तोंड उतरलेलें दिसलें, तर आंकड्यांकडे पाहण्यापूर्वीं ‘काय झालें, बाळ?’ एवढें विचारावें. पुढचें पाऊल दिसण्यास पुष्कळदां तेवढा उजेड पुरतो.